ट्रंकमावशीची भिशी

"बोला. तीन मिनिटं."

ट्रंकमावशीच्या गॅलरीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला आधी हे ऐकावं लागायचं. मग तो दूधवाला असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला असो, नाहीतर भाडेवाढीचं रडगाणं घेऊन आलेला चाळीचा मालक असो. वेळ भरली की समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असलं तरी ती "टाइम झाला" म्हणायची आणि बाजूला ठेवलेली मेथी परत निवडायला घ्यायची. घड्याळाकडे बघायचीसुद्धा नाही. ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी ट्रंक कॉल जोडण्यात गेलेली. परगावच्या त्या फोनला तीन-तीन मिनिटांचं माप असायचं, ते तिच्या अंगातच मुरलेलं. मालक एकदा चिडून म्हणालेला, "मावशी, मी काय कलकत्त्याहून बोलतोय का?" त्यावर ही शांतपणे म्हणाली, "कलकत्त्याची माणसं मुद्द्याचं बोलतात."

डोंबिवली पूर्वेला आमच्या दोन चाळी समोरासमोर होत्या. मधे एक हातगाडी जाईल एवढी गल्ली. आमची खोली पहिल्या मजल्यावर, सात नंबरची, आणि तिची गॅलरी बरोबर आमच्या गॅलरीसमोर. कपडे वाळत घालताना एकमेकांच्या डाळीला फोडणी कशाची पडली ते कळायचं. लग्न तिनं केलं नव्हतं. कोणी खोचून विचारलंच तर "लाइन बिझी होती" एवढं म्हणून विषय संपवायची. माणसांना नावानं कधी हाक मारली नाही, खोलीच्या नंबरानं मारायची. माझे वडील म्हणजे "सात नंबर". नको असलेला माणूस जिना चढताना दिसला की ती आतूनच "राँग नंबर!" म्हणून ओरडायची आणि दार लावून घ्यायची.

दुखण्यांचेसुद्धा तिनं ट्रंक कॉलसारखे वर्ग केलेले. सर्दी-पडसं, पाठदुखी हे ऑर्डिनरी. ब्लडप्रेशर, डायबिटीस अर्जंट. हृदयाचं काही असेल तर लाइटनिंग. "चार नंबरच्या आजोबांचं काय आहे?" म्हणून विचारलं की "अर्जंट आहे, पण लाइन क्लिअर आहे," असं उत्तर यायचं आणि विचारणाऱ्याला ते कळायचंही. काही वर्षं तिच्या शेजारी राहिलं की ती भाषा आपोआप येत असे.

ती बसायची गल्लीकडे तोंड करून. येणाऱ्याला उजव्या हाताच्या स्टुलावर बसवायची आणि तो बोलत असताना त्याच्याकडे बघायचीच नाही. नजर समोर. नवखा माणूस ओशाळून जायचा. त्याला वाटायचं, बाई आपल्याला मोजत नाही. पण सगळं ऐकलेलं असायचं, आणि ऐकलेलं कधी बाहेर जायचं नाही. "ऑपरेटरच्या कानाला तोंड नसतं," हे तिचं ब्रीद. कोण कुणाशी फोनवर रडलं, कोणाचं लग्न तारेवर मोडलं, सगळं हिच्या कानातून गेलेलं. पण एक अक्षर कधी निघालं नाही.

मी फार बोलणारा माणूस नाही. आमच्या घराण्यातच ते नाही. त्यामुळे पुढचं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली: मी या बाईवर जळायचो. चांगला तिशीच्या घरातला, नोकरीवाला, लग्न झालेला माणूस, समोरच्या चाळीतल्या एका म्हाताऱ्या बाईवर जळायचो.

कारण माझे वडील तिच्याशी बोलायचे.

वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. कामावर होते तोवर कामगार विम्याचं कार्ड होतं. दुखलं-खुपलं तर दवाखान्यातून औषधं मिळायची. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि कार्ड परत घेतलं. म्हणजे दुखणी सुरू व्हायच्या वयाला औषधं बंद. चाळीतल्या सगळ्याच निवृत्तांची ही गत होती. पेन्शन असणारे थोडे, बाकीचे पोस्टातल्या व्याजावर. मग मेडिकलमध्ये जाऊन ते हळूच म्हणायचे, "सध्या चारच द्या." दुकानदार कात्री घ्यायचा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा कापून द्यायचा. त्या चार गोळ्या पुढे अर्ध्या अर्ध्या करून आठ दिवस पुरवायच्या. आई होती तेव्हा तिचंही असंच चाललेलं.

ट्रंकमावशीला त्या कात्रीचा भयंकर राग. मेडिकलमध्ये उभी असताना कात्रीचा आवाज आला की तिच्या अंगावर काटा यायचा. म्हणायची, "कोणीतरी मधेच लाइन कापल्यासारखं वाटतं." आणि त्या रागातून तिनं भिशी काढली.

भिशी काय असते ते आपल्याकडे सांगायला नको. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम घालायची, नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं सगळी रक्कम उचलायची. ट्रंकमावशीच्या भिशीत चिठ्ठी काढायचीच नाही. इथली चिठ्ठी म्हणजे डॉक्टर लिहून देतो ना, ती औषधाची. "सात नंबरची चिठ्ठी निघाली" म्हणजे सात नंबरला डॉक्टरनं औषध लिहून दिलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे तिच्या गॅलरीत जमायचे, कडीच्या डब्यात पैसे टाकायचे, आणि ज्याची चिठ्ठी निघाली असेल त्यानं स्टुलावर बसून सगळ्यांसमोर सांगायचं, काय होतंय. लाजायचं नाही. लघवीचं असलं तरी सांगायचं. तीन मिनिटं. मग मावशी सगळ्या चिठ्ठ्या घेऊन मेडिकलमध्ये जायची आणि ठणकावून सांगायची, "अख्खी पाकिटं. कात्री आत ठेव."

आणि वर्षभरात ज्याची चिठ्ठी एकदाही निघाली नाही, त्यानं दिवाळीला पेढे वाटायचे.

बँकेतून रिटायर झालेले एक काका या नियमावर तडकलेले. "म्हणजे काय? मी वर्षभर भरतोय, मला एक गोळी नाही मिळाली, आणि वर पेढे मीच द्यायचे?"

"गोळी नाही मिळाली म्हणूनच पेढे," मावशी म्हणाली. "मिळाली असती तर आम्ही दिले असते. हवीय का?"

काकांनी पेढे दिले. चांगले, मलईचे.

या भिशीत एक चाळीबाहेरची बाई होती, हिराबाय. खाडीकडच्या गावातली कोळीण, आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटी घेऊन बसायची. ब्लडप्रेशर तिलाही होतं. तिला खोलीचा नंबर नव्हता म्हणून मावशीनं तिला शून्य नंबर दिलेला. हिराबाय ते अभिमानानं सांगायची, "मना झिरो नंबर दिलाय. सगल्यांच्या आदी मीच."

मी त्या वेळी ठाण्याला एका विमा कंपनीच्या कचेरीत होतो. मेडिक्लेम हा प्रकार तेव्हा नवीनच निघालेला. हॉस्पिटलात दाखल झालात तर खर्च कंपनी देणार. मला ते फार मोठं काम वाटलं होतं, अजूनही वाटतं. एका रविवारी मी घरच्या टेबलावर फॉर्म पसरला आणि वडिलांना समोर बसवलं.

"बाबा, हप्ता मी भरतो. तुम्ही फक्त सही करा. आधीचा काही आजार आहे का?"

"नाही."

"बीपी, शुगर, काहीच नाही?"

"नाही म्हटलं ना."

मी खूश. असा निरोगी माणूस आमच्या साहेबांनाही आवडला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघालो तर हिराबायनं पाटीवरून मान वर केली.

"काय रं दादूस, बापूस कसा हाय आता?"

"बरे आहेत की. त्यांना काय झालंय?"

"आत्ता! बीपीची चिठ्ठी निंगाली ना त्याची? कवाच. मावशीच्या कडं बोल्ला ना सगल्यांच्या म्होरं, सकालचा उठला का डोकं गरगरतंय." मग माझा चेहरा बघून तिनं तोंडावर पदर घेतला. "मना वाटला तुना ठावं हाय. घरचा मानूस तू."

घरचा माणूस मी. त्या दिवशी ऑफिसात मी एकही काम धड केलं नाही. माझ्या बापानं गरगरणारं डोकं एका मासळीवालीला, एका बँकवाल्याला आणि त्या ऑपरेटर बाईला सांगितलं, आणि एकाच घरात राहणाऱ्या मला "नाही" म्हणून सांगितलं. संध्याकाळी घरी आलो आणि चपला काढायच्या आत विचारलं.

"बाबा, तुम्हाला बीपी आहे?"

"आहे थोडंसं."

"मग मला काल नाही का म्हणालात?"

ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "तू फॉर्म हातात घेऊन विचारलंस."

"बरं, आता तसं लिहू. बीपीचा खर्च नाही मिळणार, पण बाकीचा मिळेल. हप्ता मीच भरणार आहे."

"तुझ्या पैशानं आजारी पडायचं नाही मला."

"आणि त्या भिशीच्या पैशानं पडलेलं चालतं?"

"तिथं मीही घालतो," वडील म्हणाले, आणि पान उलटलं.

 फॉर्म मी बॅगेत परत ठेवला. पण खरं दुखणं फॉर्मचं नव्हतंच. खरं दुखणं रोज संध्याकाळी सुरू व्हायचं. जेवणाच्या आधी वडील खाली उतरायचे, गल्ली ओलांडायचे आणि समोरच्या गॅलरीत जाऊन बसायचे. सगळ्यांना उजवीकडचं स्टूल; यांना मात्र डाव्या हाताला, कठड्याशी, पाठीची खुर्ची. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. आणि तिथं बसून माझे वडील बोलायचे. खूप बोलायचे. मला ऐकू यायचं नाही, आवाज मुळातच बारीक त्यांचा, पण दिसायचं सगळं. हात हलायचे. मधेच हसायचे. एकदा डोळे पुसताना पाहिलं. आई गेली तेव्हाही मी त्यांना डोळे पुसताना पाहिलं नव्हतं.

आणि ती बाई, जी मालकाला अर्ध्या वाक्यात तोडायची, ती यांना एकदाही "टाइम झाला" म्हणाली नाही. मेथीची जुडी संपायची, दिवे लागायचे, यांचं चालूच. मी आमच्या गॅलरीत उगाच वाळलेले कपडे उलटसुलट करत उभा राहायचो. चाळीत कोणी वेडंवाकडं बोललं असतं तर बरं वाटलं असतं मला, इतक्या खालच्या थराला गेलेलो. पण कोणी बोलायचं नाही. मावशीबद्दल तसलं काही बोलायची कुणाची टाप नव्हती.

"तुम्ही त्यांच्यावर जळता," बायको एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

"मी कशाला जळू?"

"मग आत या. तो टॉवेल चौथ्यांदा झटकताय."

एकदा मावशीनंच मला बोलावून घेतलं. "सात नंबर ज्युनियर, बोल. तीन मिनिटं." मी स्टुलावर बसलो. तिचं तोंड नेहमीसारखं समोर.

"बोलायचं तुम्हाला आहे," मी म्हणालो.

"बरं, मग मी बोलते. डबा हलका व्हायला लागलाय. तू त्याच धंद्यातला. काय चुकतंय?"

मला मनातून बरं वाटलं. "चुकणारच. तुमच्या भिशीत सगळे म्हातारे आहेत. सगळ्यांच्याच चिठ्ठ्या निघणार. भरणारे आणि घेणारे तेच. असं कुठे असतं? ही बुडणार."

"मग काय करायचं?"

"तरुण माणसं हवीत. ज्यांची चिठ्ठी इतक्यात निघणार नाही."

"म्हणजे तुझ्यासारखी."

 आमच्या धंद्याचं मूळ हेच होतं, मला नोकरी लागल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवलेलं: धडधाकटांनी भरायचं, म्हणून आजाऱ्यांना मिळतं. तिनं ते माझ्याच तोंडून काढलं आणि माझ्याच पुढ्यात ठेवलं.

"तू ये," ती म्हणाली. "तू आलास की चार नंबरची दोन्ही मुलं येतील. ती तुला विचारूनच ठरवतायत. दरवर्षी पेढे वाटशील, दुसरं काय?"

मी त्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, मावशी."

"टाइम झाला," ती म्हणाली. अजून वेळ झाला नव्हता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. पण चार नंबरच्या मुलांनी खरंच मला जिन्यात गाठून विचारलं, आणि मी विम्याच्या कचेरीतल्या माणसाच्या तोऱ्यात म्हणालो, "बुडीत धंदा आहे रे. लांब राहा." माझं गणित खरंच होतं, चुकीचं नव्हतं. फक्त ते खरं ठरावं म्हणून मीच हातभार लावत होतो. मुलं आली नाहीत. बँकवाले काका मुलीकडे पुण्याला गेले. पहिल्या रविवारी गॅलरीत माणसं कमी कमी दिसायला लागली. आणि एक दिवस मावशी मेडिकलमधून परतताना मला दिसली, हातात पिशवी तेवढीच, पण चाल वेगळी. नंतर कळलं, त्या महिन्यात तिनं दुकानदाराला कात्री बाहेर काढू दिलेली.

वडिलांना पक्षाघात झाला तो त्याच हिवाळ्यात, सकाळी, दात घासताना. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "बीपीची कुठली गोळी चालू होती?" मला सांगता येईना. घरी येऊन त्यांच्या कपाटात हात घातला तर पाकिटाचे कापलेले तुकडे निघाले. कात्री बरोबर नावातून गेलेली. आधी 'अ‍ॅ' सारखं काहीतरी, पुढे चांदी फाटलेली. काही गोळ्या अर्ध्या केलेल्या. शेवटी माझ्या बापाच्या गोळीचं नाव विचारायला मला गल्ली ओलांडून त्या बाईच्या दारात उभं राहावं लागलं.

तिनं नाव सांगितलं. तीन मिनिटं वगैरे काही म्हणाली नाही. फक्त विचारलं, "बोलतायत?"

"नाही," मी म्हणालो.

अर्धी गोळी घेतल्यानंच ते झालं का, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं. पूर्ण गोळ्या घेणाऱ्यांनाही होतं, हे मला माहीत आहे. पण रात्री कूस बदलताना ते कामाला येत नाही.

वडील त्यानंतर वर्षभर अंथरुणावर होते. ती रोज संध्याकाळी यायची. यायची, खाटेच्या कडेला बसायची, डावी बाजू त्यांच्याकडे करून, आणि गप्प बसायची. ते घशातून काहीतरी आवाज काढायचे, ती मान हलवायची. मी चहा आणून द्यायचो आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचो. लाज वाटते सांगायला, पण त्या वेळीही मी जळतच होतो. वाचा गेलेल्या माणसाचंही बोलणं हिलाच कळतं, आणि त्यांना पाणी हवंय की कूस बदलायचीय, एवढंही मला ओळखता येत नाही.

वडील गेले. मधे वर्षं गेली. नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. लोक काचेच्या खोक्यात उभे राहून पळत्या मीटरकडे बघत बोलायला लागले. मावशी बूथकडे बघून म्हणायची, "माणसाकडे बघा म्हणावं, मीटरकडे काय बघता." भिशीत आता ती, हिराबाय आणि तळमजल्यावरच्या एक आजी एवढ्याच उरलेल्या. भिशी बुडाली मात्र नव्हती. माझं गणित खरं ठरूनही ती बुडाली नाही, याचाही मला रागच यायचा.

मग चाळिशी ओलांडल्यावर एका सकाळी उठताना माझंही डोकं गरगरलं. रामनगरातल्या डॉक्टरांनी पट्टा बांधला, दोनदा हवा भरली, आणि चिठ्ठी लिहून दिली. "रोज. आयुष्यभर," म्हणाले. मी घरी आलो आणि बायकोनं विचारलं, "उशीर झाला?" मी म्हणालो, "काम होतं." चिठ्ठी खिशात. दुसऱ्या दिवशी पुन्हा खिशात. मेडिकलच्या काउंटरवर जाऊन उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "सध्या चारच द्या." पैसे नव्हते असं नाही. महिन्याभराचं पाकीट घरी दिसलं असतं, म्हणून. कात्रीचा आवाज ऐकला आणि तसाच परत फिरलो.

पहिला रविवार होता. मी गल्ली ओलांडली आणि जिना चढलो. हिराबाय आणि त्या आजी पैसे टाकून गेलेल्या; मावशी गॅलरीत एकटीच होती, खूप म्हातारी झालेली, मेथी मात्र तशीच पुढ्यात.

"बोल. तीन मिनिटं."

मी स्टुलावर बसलो. चिठ्ठी काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"अर्जंट," ती म्हणाली. "बापावर गेलास. घरी सांगितलंस?"

"सांगीन." मग जे इतकी वर्षं विचारायचं होतं ते बाहेर पडलं. "मावशी, बाबा तुमच्याशी काय बोलायचे?"

"ऑपरेटरच्या कानाला..."

"ते माहितेय मला. पण ते आता नाहीत. आणि मी तिथून रोज बघायचो. माझ्याशी चार शब्द बोलले नाहीत कधी. तुमच्याशी तासनतास बोलायचे. तुम्हीही त्यांना कधी तोडलं नाहीत. मला तुमचा..." मी तिच्या पुढ्यातली मेथीची एक काडी उचलली. "हेवा वाटायचा."

ती पहिल्यांदाच वळून माझ्याकडे बघायला लागली. मग हसली. दात नव्हते, तरी चांगली मोकळी हसली.

"अरे वेड्या, मला काय माहीत ते काय बोलायचे?"

"म्हणजे?"

तिनं डाव्या कानावर टिचकी मारली. "हा गेलाय. ठार. चाळीसाव्या वर्षीच. हेडफोन याच कानाला असायचा. म्हणून तर सगळ्यांना उजवीकडे बसवते."

मी त्या डावीकडच्या खुर्चीकडे बघत राहिलो.

"तुझ्या आईचं झालं ना, त्यानंतर आले एकदा. विचारलं, 'बाई, हा कान खरंच गेलाय?' म्हटलं, 'ढोल वाजवला तरी नाही कळणार.' तर स्वतःच्या हातानं खुर्ची तिकडे नेऊन ठेवली. मग रोज यायचे. मी रस्त्याकडे बघायचे. दुसऱ्याची लाइन ऐकू नये, आणि बघूही नये."

"एक शब्दही नाही ऐकलात?"

"एकदा खुर्ची पडली, ती ऐकू आली."

इतकी वर्षं मी ज्या ठेव्यावर जळत होतो, तो तिच्याकडे नव्हताच. तो कुणाकडेच नव्हता. सगळं त्या मेलेल्या कानात गेलं होतं. मी उठलो. काय करतोय ते नीट कळायच्या आत ती खुर्ची सरळ केली आणि तिच्या डाव्या हाताला जाऊन बसलो.  तिला कळलं. तिनं तोंड गल्लीकडे वळवलं.

मी बोलायला लागलो. डोक्याचं सांगितलं, मग चार नंबरच्या मुलांचं, मग कापलेल्या पाकिटांचं. सोपं जात होतं. बाबांना का जमायचं ते कळलं. पाण्यात बोलल्यासारखं होतं ते, काही परत येत नाही. माझे हात हलत होते. डोळ्याला पाणी आलं ते पुसलं, आणि पुसताना समोर नजर गेली.

आमच्या गॅलरीत बायको उभी होती. हातात टॉवेल. तो झटकत नव्हती, नुसती माझ्या ओठांकडे बघत होती, मी जसा बघायचो तशी.

मी अर्ध्या वाक्यात थांबलो. उठून मावशीच्या उजव्या बाजूला गेलो आणि वाकलो.

"मावशी, इथे नको. तिकडे जोडून देता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, समोर पाहिलं. मेथीची परात बाजूला सरकवली. कठड्याला धरून उठली आणि एका हाताचा पंजा तोंडाशी धरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा त्या जुन्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"हॅलो, सात नंबर! पार्टी लाइनवर आहे."

मग मला कोपरानं ढोसून, हळूच म्हणाली, "बोल. टाइम नाही लावत."